अण्णांच्या हातची पद्मिनी

पहाटेचे पावणेपाच. पुण्यातली जानेवारीतली थंडी, सोसायटीच्या फाटकाजवळ एकच दिवा, आणि अण्णा पद्मिनीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे. गोठ्यात शिरल्यावर शेतकरी आधी गाईच्या पाठीवर हात ठेवतो, तसे.

‘‘चोक पूर्ण ओढा डॉक्टर. सेल्फ लांबवू नका. लागली की चोक अर्धा आत घ्या.’’

पहिल्या सेल्फला नुसती घरघर झाली. दुसऱ्याला इंजिन लागलं, थोडं अडखळलं, आणि मग त्याला त्याची लय सापडली. अण्णांनी मान खाली घालून मिनिटभर ऐकलं. मग हातातल्या चिंधीला बोटं पुसत म्हणाले, ‘‘चला. बडोद्याला जाईल.’’

2023 च्या जानेवारीतली ही गोष्ट. 6 ते 8 तारखेला बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ‘21 गन सॅल्यूट कॉन्कूर द एलिगन्स’ हे जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्याचं ते दहावं पर्व. इंग्रजी अमदानीत एकवीस तोफांच्या सलामीचा मान पाचच संस्थानांना होता : हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि जम्मू-काश्मीर. तेव्हा हे नाव बडोद्याला नेमकं शोभणारं होतं. प्रदर्शनाला जायचंच, पण विमानानं नाही, रेल्वेनं नाही, डॉक्टरांच्या 1984 च्या प्रीमियर पद्मिनीनं जायचं, असं आम्ही दिवाळीतच ठरवलं होतं. जायला साडेपाचशे किलोमीटर, यायला तितकंच.

आम्ही चौघं. गाडीचे मालक डॉक्टर. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. मी. आणि अण्णा, वय वर्षं एकाहत्तर. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारामागे त्यांचं गॅरेज. बाराव्या वर्षी पाने धुवायला म्हणून गॅरेजात शिरलेला हा माणूस फियाटचं इंजिन डोळे मिटून उतरवतो. मी त्यांना शाळकरी वयापासून ओळखतो. माझ्या वडिलांची फियाट त्यांच्याकडेच असायची, आणि सुट्टीत मी तासन् तास त्यांच्या खड्ड्याच्या काठावर बसून असायचो. म्हणून मला ते आजही ‘अरे’ म्हणतात, आणि डॉक्टरांना मात्र ‘डॉक्टर, तुम्ही’.

पद्मिनीविषयी थोडं सांगायला हवं, कारण या गाडीचं मूळ आपल्या मातीत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. सुरुवातीला तिथं अमेरिकन डॉज, प्लिमथ जुळवल्या जायच्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, 1954 पासून फियाट 1100 येऊ लागली, आणि त्याच घराण्यातली गाडी 1974 मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. 1089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगजवळचा हँडगिअर, पुढे तीन माणसं मांडीला मांडी लावून बसतील अशी सलग सीट. 2000 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता उंच इमारती आहेत. रस्त्याला तेवढं प्रीमियरचं नाव उरलंय.

डॉक्टरांच्या वडिलांनी ही गाडी नंबर लावून घेतली होती. तेव्हा पैसे भरले की गाडी मिळत नसे, वाट पाहावी लागे, आणि ती वाट वर्षांनी मोजली जाई. ज्या दिवशी गाडी दारात आली त्या दिवशी आजीनं चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ते चिरडल्याचा आवाज अजून आठवतो, असं डॉक्टर सांगतात. आज तिची नोंदणी पुढे चालू ठेवायची म्हणजेही परीक्षाच आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेलं. शिवाय हरित कर, योग्यता तपासणी. डॉक्टर ते सगळं दर पाच वर्षांनी निमूटपणे करतात.

द्रुतगती मार्ग सोडून आम्ही लोणावळ्यावरून जुन्या रस्त्यानं घाट उतरलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी उतारावर ब्रेक दाबत नेली तर ड्रम तापतात आणि ऐनवेळी ब्रेक लागत नाही. अण्णा मागच्या सीटवरून सांगत होते, ‘‘ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा.’’ डॉक्टर तसंच उतरवत होते. इंजिन गुरगुरत गाडीला मागं ओढून धरत होतं, आणि दरीतल्या धुक्यात खोपोलीचे दिवे विझत चालले होते.

शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी थांबवली. हा शिंग्रोबा धनगर. घाटातून रस्ता कुठून न्यायचा हे इंग्रज इंजिनिअरांना उमगेना, तेव्हा मेंढरांमागून हिंडणाऱ्या या माणसानं त्यांना वाट दाखवली, असं सांगतात. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली, असंही सांगतात. कागदावर याचा पुरावा मागणाऱ्यांनी मागावा. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षं ड्रायव्हर मंडळी तिथं गाडी हळू करून नाणं टाकतात, नारळ फोडतात, ही गोष्ट कुठल्याही कागदाइतकीच खरी आहे. घाटरस्त्याच्या इतिहासात गव्हर्नरांची नावं येतात. वाट पायाखालची असलेल्या माणसाचं नाव फक्त ड्रायव्हरांनी जपलं. अण्णांनी टोपी काढून हात जोडले, खिशातून पाच रुपयांचं नाणं ठेवलं. मास्तर एरवी देवळाबाहेर थांबतात. ते त्या दिवशी आत आले.

पनवेल, कळंबोली, ठाणे झटकन मागं पडलं. घोडबंदर रस्त्याला मात्र कोंडीत अडकलो. दहा वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, गाडी पाच फूट सरकायची आणि थांबायची. अर्ध्या तासात इंजिन कापायला लागलं आणि बंद पडलं. मागून हॉर्नचा गदारोळ. आम्ही तिघांनी ढकलून गाडी कडेला घेतली. अण्णांनी बॉनेट उघडलं, पण पाना काढलाच नाही. पाण्याची बाटली आणि जुना पंचा मागितला. पंचा भिजवून पेट्रोल पंपाभोवती गुंडाळला आणि म्हणाले, ‘‘दहा मिनिटं गप बसा.’’

याला व्हेपर लॉक म्हणतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला. कोंडीत वारा लागत नाही, पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो. कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. हे दुखणं जुनंच, पण हल्ली वाढलंय, असं अण्णांचं निरीक्षण, आणि त्याला कारण आहे. 2022 च्या मध्यापासून देशभरच्या पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, आणि अशा मिश्रणाची वाफ लवकर होते. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि जुन्या धाटणीचे रबरी पाइप त्यानं फुगतात, मऊ पडतात. आमच्या ऊसवाल्या महाराष्ट्रात इथेनॉलला नावं ठेवणं मला जमायचं नाही, कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण जुनी गाडी बाळगणाऱ्यानं पाइप बदलून घ्यावेत हे खरं. अण्णांनी निघण्याआधीच सगळे बदलले होते. दहा मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला लागली.

खरा प्रसंग चारोटीच्या अलीकडे आला. उजवीकडे डहाणूच्या महालक्ष्मीचा तो मुसळासारखा उभा सुळका दिसायला लागला होता. गाडी साठच्या वेगानं छान चालली होती, आणि एकदम आवाज फुटायला लागला. झटके, सायलेन्सरमधून फट्-फट्, मग पिकअप गेला. डॉक्टरांनी एका चिंचेखाली गाडी घेतली.

‘‘पेट्रोल नाही. करंट,’’ अण्णा गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले.

त्यांनी डेल्को उघडला. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका जुन्या कंपनीच्या नावातली आद्याक्षरं, आणि आपल्याकडच्या गॅरेजांत तो शब्द कायमचा मराठी-हिंदी झालाय. त्याची काळी टोपी दोन क्लिपांवर बसलेली असते. क्लिपा बाजूला केल्या, टोपी उचलली, रोटर काढला. आत करंगळीच्या नखाएवढे दोन पॉइंट, एकमेकांवर टेकलेले. मला जवळ बोलावून अण्णा म्हणाले, ‘‘बघ. निळे पडलेत.’’ एका पॉइंटवर तिळाएवढा उंचवटा आला होता, दुसऱ्यावर तेवढाच खड्डा.

इंजिन फिरतं तसा हा इवलासा सांधा उघडतो आणि मिटतो. तो उघडतो त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगपर्यंत जाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हा सांधा सेकंदाला शंभर वेळा उघडतो. पुण्याहून चारोटीपर्यंत त्यानं हे किती लाख वेळा केलं असेल! सोबतचा कंडेन्सर थकला की उघडताना पॉइंटवरच ठिणगी उडायला लागते आणि ते असे जळतात.

अण्णांनी डबा उघडला. श्रीखंडाचा जुना डबा, आत कापसात गुंडाळलेले सुटे भाग. नवा कंडेन्सर निघाला, नवे पॉइंट मात्र नव्हते. आणायचे राहून गेले होते, आणि ते त्यांना चांगलंच लागलं. ओठ दाबून त्यांनी जुनेच पॉइंट काढले. पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन उंचवटा घासायला बसले. घाई नाही. चार वेळा घासायचं, उन्हात धरून बघायचं, परत घासायचं. पॉइंट पुन्हा बसवल्यावर म्हणाले, ‘‘टॉपमध्ये टाका आणि गाडी जरा जरा ढकला.’’ आम्ही ढकलत गेलो, ते वाकून कॅमकडे बघत होते. ‘‘बस!’’ सांधा पूर्ण उघडला होता. ‘‘डॉक्टर, तुमचं कार्ड द्या.’’ डॉक्टरांनी खिशातलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. अण्णांनी ते दोन पॉइंटांच्या मधे सरकवलं. कार्ड अडकलं नाही पाहिजे आणि सैलही सरकलं नाही पाहिजे. बोटाला ते नुसतं जाणवलं पाहिजे. तीन वेळा स्क्रू सैल केला, तीन वेळा आवळला. तिसऱ्यांदा कार्ड ओढताना त्यांनी डोळे मिटले होते.

गाडी लागली. आवाज स्वच्छ. बावीस मिनिटं लागली होती, मी घड्याळ पाहिलं होतं. डॉक्टरांनी ते कार्ड परत खिशात ठेवलं. त्याच्या कडेला तेलाचा एक बारीक डाग आहे.

त्या चिंचेखाली मला जे वाटलं ते पुढं बडोद्यात पक्कं झालं. घासायचं किती, थांबायचं कुठं, कार्ड कितपत ओढलं की अंतर बरोबर, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. पुस्तकात आकडा मिळतो. बोटाला काय जाणवायला हवं ते मिळत नाही. हे ज्ञान माणसात असतं, आणि माणूस गेला की जातं. अण्णांचा मुलगा बँकेत आहे, आणि तो तिथं आहे याचा अण्णांना अभिमान आहे. गॅरेजात आता शिकाऊ पोरं टिकत नाहीत. नव्या गाड्यांमध्ये उघडण्यासारखं फार काही उरलेलं नाही, संगणक जोडायचा आणि तो सांगेल तो भाग बदलायचा.

तलासरीनंतर गुजरात. वलसाडच्या पुढं हायवेच्या कडेला हिवाळ्यात मातीची मडकी उलटी घालून भोवती शेणी पेटवलेल्या दिसतात. आत कंद, पापडी, रताळी हिरव्या मसाल्यात भाजली जातात. उंबाडियुं म्हणतात त्याला. आपल्या पोपटीचंच हे भावंड. सुरतेच्या आसपास पोंक, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा. आम्ही दोन्ही खाल्लं आणि पोटभर खाल्लं. भरुचला नर्मदा ओलांडली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. मास्तर मोठ्यानं ‘नर्मदे हर’ म्हणाले. बाजूला 1881 सालचा जुना लोखंडी पूल लांबून दिसत होता, अजून ताठ.

बडोद्यात डॉक्टरांच्या मावशी दांडिया बाजारात राहतात. त्यांची चौथी पिढी तिथली. रात्री साडेआठला पद्मिनीचा आवाज ऐकून त्या स्वतः खाली आल्या आणि भाच्याच्या आधी अण्णांना म्हणाल्या, ‘‘तुम्ही आणलीत होय सुखरूप? या, हात-पाय धुवा, वरण-भात तयार आहे.’’ बडोद्याचं मराठीपण असं दारातच भेटतं.

शनिवार मास्तरांचा होता. त्यांच्या मनात राजवाड्याआधी एक दुसरीच इमारत होती. राजमहाल रस्त्यावरचं कलाभवन.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला गोपाळ हा मुलगा 1875 मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. या राजाच्या कामांची यादी लांब आहे. 1906 चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, 1908 ची बँक ऑफ बडोदा, 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दिलेली शिष्यवृत्ती. पण मास्तरांचा मुद्दा वेगळा होता. ‘‘लक्ष्मीविलास पुरा झाला 1890 मध्ये. मेजर मँटनं आराखडा केला, तो 1881 मध्ये वारला, चिझमनं काम पुरं केलं. मँटनं आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडाही केला. हे सगळं लोकांना माहीत असतं. पण त्याच 1890 मध्ये महाराजांनी कलाभवन सुरू केलं, ते किती जणांना माहीत असतं?’’

कलाभवन म्हणजे कारागिरीचं शिक्षण देणारी शाळा. रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञानं ती आकाराला आणली. हे शिक्षण लोकांच्या भाषेत मिळालं पाहिजे, त्याशिवाय ते कारागिराच्या घरात पोचणार नाही, असा गज्जरांचा आग्रह होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके इथंच शिकले, आणि पुढे त्यांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा चालवून, फिल्म धुऊन देशाला सिनेमा दिला. ही संस्था आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे.

अण्णा फाटकाशी उभे राहून त्या जुन्या इमारतीकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे पाना धरायला शिकवायला राजानं शाळा काढली होती?’’

‘‘हो अण्णा. तुमच्या भाषेत.’’

अण्णा पुढं काही बोलले नाहीत. परतताना रस्त्यात चहाला थांबलो तेव्हा त्यांनी पुन्हा साल विचारलं. 1890.

रविवारी सकाळी राजवाडा. हिरवळीवर ऊन पसरलं होतं, मागं मनोरे आणि घुमट, आणि पुढं ओळीनं उभ्या मोटारी. रोल्स-रॉइस, कॅडिलॅक, ब्युइक, पॅकार्ड, ऑस्टिन, मॉरिस. मी जुन्या मोटारींची प्रदर्शनं याआधी मुंबईत पाहिली होती, पण इथं पाय थबकले. एका रोल्सच्या मडगार्डवर आभाळ इतकं स्वच्छ उमटलं होतं की त्यात उडणाऱ्या घारी मोजता आल्या असत्या.

या गाड्या इथं टिकल्या यामागं एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकत नसे, फक्त चासी आणि इंजिन विके. वरचा सांगाडा हूपर, बार्करसारखे कारागीर हातानं बांधत. ॲश लाकडाची चौकट, तिच्यावर ठोकून बसवलेला पत्रा. आपल्या संस्थानिकांनी अशा गाड्या शेकड्यांनी मागवल्या, शिकारीसाठी वेगळ्या, दरबारासाठी वेगळ्या, पडदानशीन राण्यांसाठी वेगळ्या. 1971 मध्ये तनखे बंद झाले आणि कितीतरी गाड्या कवडीमोलानं विकल्या गेल्या किंवा तबेल्यांत गंजल्या. 1964 मध्ये दिल्लीत ‘स्टेट्समन’नं जुन्या मोटारींची रॅली सुरू केली होती. अशा रॅलींनी या पत्र्याला पुन्हा मान मिळवून दिला. आता तर कायद्यानंही दखल घेतलीय. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपाटी मिळते. मात्र ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. डॉक्टरांना हे पटत नाही, आणि मलाही. गाडीचं तेल फिरलं पाहिजे, सील ओले राहिले पाहिजेत, ब्रेकचे सिलिंडर हलत राहिले पाहिजेत. उभी गाडी आतून सडते. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, सोनं लुटायला जमलेला गाव तिला डोळे भरून बघतो. त्या गाडीचं खरं जतन त्या एका संध्याकाळीत आहे असं मला वाटतं.

कॉन्कूर द एलिगन्स म्हणजे देखणेपणाची स्पर्धा. शब्द फ्रेंच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला 1950 पासून अशी एक भरते आणि तीच जगभर मानदंड समजली जाते. परीक्षक गाडी किती अस्सल आहे ते बघतात. इंजिनाचा नंबर, मूळ रंग, गादीचं कातडं, दिव्यांच्या काचा, स्क्रूची डोकीसुद्धा. इंजिन चालू करायला लावतात. चूक दिसली की गुण कमी. पद्धत कडक आहे आणि तशीच हवी.

अण्णांची पाहण्याची रीत वेगळी होती. गाडीसमोर गेले की ते आधी गुडघ्यावर बसत आणि खाली बघत. तेल कुठून पाझरतंय, स्प्रिंगची पानं मूळची की नवी, वेल्डिंगची रेघ कशी आहे. एका कॅडिलॅकपाशी मी त्यांना सांगितलं की विजेच्या सेल्फनं चालू होणारी गाडी बाजारात आधी कॅडिलॅकनं आणली, 1912 मध्ये, आणि तो सेल्फ केला डेटनच्या त्या डेल्को कंपनीनं. अण्णांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे आपला डेल्को आणि सेल्फ सख्खे भाऊ!’’ पन्नास वर्षं जे नाव तोंडात होतं त्याचं गाव त्यांना त्या दिवशी कळलं. मी त्यांना हे आधीच का सांगितलं नाही, याची मला हळहळ वाटली.

दुपारी एका ब्युइकच्या मागं, सावलीत, एक माणूस पाने कापडात गुंडाळताना दिसला. पन्नाशीचा, राजस्थानकडचा. गाडी ट्रेलरवरून आली होती आणि तोही तिच्याबरोबर. अण्णा त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघांनी एकमेकांची नावंही विचारली नाहीत. अण्णांनी विचारलं, ‘‘वॉटर पंप का पॅकिंग कहाँ से मिला?’’ त्यानं हसून दोन्ही हात दाखवले.

मग त्यानं करून दाखवलं. डब्यातून जाड कागद काढला, पंपाच्या जुन्या झाकणावर ठेवला, आणि छोट्या हातोडीच्या गोल टोकानं झाकणाच्या कडेकडेनं हलके ठोके द्यायला लागला. टिक टिक टिक. कडेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टाच्या भोकावर एक ठोका, तिथं गोल चकती निघून पडते. पाच मिनिटांत पॅकिंग तयार, कडा एकसारख्या. अण्णांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं, अंगठ्यानं कड चाचपली. मग खिशातून स्वतःची तंबाखूची डबी काढून त्याच्यापुढं केली. अण्णा सहसा डबी कुणाला देत नाहीत.

त्या ब्युइकसमोर फलक होता. कंपनी, साल, सांगाडा बांधणारा, मालकाचं नाव. मालकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. लाखो रुपये आणि आयुष्यातली कितीतरी वर्षं घातल्याशिवाय अशी गाडी उभी राहत नाही. पण त्या दिवशी मी जितके फलक वाचले त्यातल्या एकावरही मिस्त्रीचं नाव मला दिसलं नाही. ही एक ओळ लिहायला काय लागतं? सांगाडा बांधणाऱ्या लंडनच्या कारागिराचं नाव शंभर वर्षांनी अभिमानानं लिहिलं जातं. ते इंजिन काल चालू करणारा कारागीर त्याच गाडीच्या मागं सावलीत बसलेला असतो. प्रदर्शनं भरवणाऱ्या सगळ्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे. ती ओळ लिहा. जमलं तर मिस्त्रींसाठी एक बक्षीस ठेवा, आणि ते त्यांच्या हातात, सगळ्यांसमोर द्या.

संध्याकाळी निघताना वाहनतळावर आमच्या पद्मिनीभोवती पाच-सहा माणसं जमलेली. एक गृहस्थ आपल्या नातवाला हँडगिअर दाखवत होते. ‘‘माझ्या लग्नाची वरात हिच्यात निघाली होती,’’ असं ते गुजरातीत सांगत होते. डॉक्टरांनी दार उघडून त्या मुलाला आत बसवलं आणि हॉर्न वाजवू दिला.

परतीचा प्रवास विनातक्रार झाला. घासलेल्या त्याच पॉइंटांवर गाडी पुण्यात आली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. तिची नोंदणी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी हार घातले. अण्णांनी बातमीचं कात्रण गॅरेजच्या भिंतीला, विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली, चिकटवलं.

त्यानंतरच्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गॅरेजात गेलो. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मराठीत, तुमच्याच शब्दांत. अण्णा आधी नको म्हणाले. ‘‘लिहून काय कळणार रे? हाताला कळलं पाहिजे.’’ मी म्हटलं, हाताला काय कळलं पाहिजे तेच सांगा. ते गप्प झाले, ब्रेकचं एक सिलिंडर रॉकेलमध्ये धूत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘ती शाळा कुठल्या सालची म्हणाले होते रे मास्तर?’’

‘‘1890.’’

‘‘लिही,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी थंड असताना आधी हात लावायचा. गरम असताना ती खोटं बोलते.’’

तेव्हापासून जमेल त्या रविवारी जातो. डॉक्टर पद्मिनी घेऊन येतात, अण्णा एकेक भाग उघडतात, मी लिहितो, मास्तर शुद्धलेखन तपासतात. मागच्या रविवारपर्यंत एकशे बारा पानं झाली. डेल्को, कॉइल, प्लग आणि टॅपेट संपलं. कार्बोरेटर अजून सुरू व्हायचाय.